चला, धरण पाहू या!

हिवाळ्याचे दिवस होते. तूर उभी होती. हरभऱ्याला घाटे लागत होते. आमच्या प्रौढ वर्गातली मंडळी एक दिवस म्हणाली, "गुरुजी, चार महिने झाले, पाटी-पुस्तक घेऊन बसतो. एखाद्या दिवशी कुठंतरी जाऊन येऊ की!"

आम्ही म्हटले, "जाऊ या. पण कुठे?"

कोणी म्हणाले औंढा. कोणी म्हणाले नर्सी. शेवटी ठरले, की औंढ्याला नागनाथाचे दर्शन घ्यायचे आणि तिथून पुढे सिद्धेश्वरचे धरण पाहायचे. टेम्पो ठरला. भाकरी, पिठले, ठेचा बांधून घेतला, आणि आम्ही निघालो.

धरणाजवळ पोचलो, तेव्हा ऊन चांगले वर आले होते. समोर पाणीच पाणी! पलीकडचा काठ धुक्यात दिसेना. एक मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "केवढं पाणी गं माय! गुरुजी, हे तळं देवानं केलं का माणसानं?"

दुसऱ्याने विचारले, "भिंत तर मातीची दिसते. एवढं पाणी ती धरते कशी?"

तिसरा तरणा गडी होता. त्याने पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला होता. तो म्हणाला, "इथं पोहायला काय हरकत हाय?"

तीन प्रश्न झाले. तिन्ही चांगले. त्यांची उत्तरे आम्ही त्या दिवशी तोंडी दिली. आता ती तुमच्यासाठी लिहून काढतो.

तळे दोन तऱ्हेचे

काही तळी निसर्गाने केलेली असतात. आपल्या शेजारी बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून एक मोठी उल्का तिथे पडली. जमिनीला प्रचंड खड्डा पडला. त्यात पाणी साठले. ते पाणी खारट आहे. तिथे माणसाने काही केलेले नाही.

दुसरी तळी माणसाने केलेली. वाहते पाणी अडवायचे आणि साठवायचे, ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. नांदेड जिल्ह्यात कंधारला एक मोठा तलाव आहे. त्याला जगत्तुंग सागर म्हणतात. तो राष्ट्रकूट राजांच्या काळातला. म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा!

तुमच्या गावाच्या शिवारात पाझर तलाव असेल. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. लोकांच्या हाताला काम हवे होते. तेव्हा गावोगाव माती खणून बांध घातले गेले. तुमच्या आजीने, आजोबाने डोक्यावर पाट्या वाहिल्या असतील. पाझर तलाव म्हणजे धरणाचेच लहान भावंड. तेव्हा मावशींना आम्ही सांगितले, "हे तळं माणसानंच केलं. पाऊस तेवढा देवाचा."

पूर्णा नदी आणि दोन धरणे

सिद्धेश्वरच्या तळ्यात पाणी येते ते पूर्णा नदीचे. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. वाटेत अनेक ओढे-नाले पोटात घेते. परभणी जिल्ह्यात ती गोदावरीला मिळते. विदर्भात पूर्णा नावाची दुसरी एक नदी आहे. ती तापीला मिळते. ती निराळी, ही निराळी.

पूर्वी पूर्णेला पावसाळ्यात पूर यायचा. सगळे पाणी गोदावरीत जायचे आणि पुढे समुद्राला मिळायचे. उन्हाळ्यात नदीत वाळू उरायची. पाणी होते, पण वेळेला नव्हते.

आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. याच वर्षांत देशभर मोठी धरणे बांधली जात होती. पूर्णा प्रकल्पाचे कामही दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात हाती घेतले गेले.

या प्रकल्पात एक नाही, दोन धरणे आहेत. वरच्या अंगाला येलदरी. ते परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात. त्याच्या पलीकडच्या काठाला आपला सेनगाव तालुका. खालच्या अंगाला सिद्धेश्वर. ते औंढा नागनाथ तालुक्यात. दोन्ही धरणे १९६८ साली पुरी झाली. तेव्हा हिंगोली जिल्हा निराळा नव्हता. सगळा परभणी जिल्हाच होता. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी.

"दोन धरणं कशाला? एकच मोठं बांधलं असतं तर?" असे तुम्ही विचाराल. दोघांची कामे वाटून दिलेली आहेत. येलदरी म्हणजे घरातली कणगी. पावसाळ्यात भरून ठेवायची. सिद्धेश्वर म्हणजे चुलीजवळचा डबा. कणगीतून डब्यात घ्यायचे आणि डब्यातून रोज वापरायचे. येलदरीचे पाणी सोडताना ते वीजघरातून जाते. तिथे पाण्याच्या जोराने तीन यंत्रे फिरतात. प्रत्येक यंत्राची ताकद साडेसात मेगावॅट आहे. यंत्र फिरवून पाणी संपत नाही. ते खाली वाहत सिद्धेश्वरच्या तळ्यात येते. तिथून कालव्यात जाते. वसमतची हळद, ऊस, नांदेडकडची केळी यांना हेच पाणी मिळते. हिंगोली शहर सिद्धेश्वरचेच पाणी पिते.

म्हणजे बघा, एकाच पाण्याने वीजही दिली, पीकही दिले आणि तहानही भागवली.

मातीची भिंत पाणी कशी धरते?

येलदरीची भिंत सुमारे ५१ मीटर उंच आहे आणि ४ किलोमीटरहून अधिक लांब आहे. सिद्धेश्वरची उंची ३८ मीटर. लांबी मात्र ६ किलोमीटरच्या वर. पायी चालायला लागलो तर तास-सव्वा तास सहज जाईल.

आता घरी एक प्रयोग करून पाहा. एक पत्र्याचे रिकामे डबडे घ्या. खिळ्याने त्याला एकाच रेषेत तीन भोके पाडा. एक वर, एक मध्ये, एक तळाशी. डबडे पाण्याने भरा. वरच्या भोकातून पाणी मंद पडेल. तळच्या भोकातून ते जोराने बाहेर येईल. याचा अर्थ काय? पाणी जितके खोल, तितका त्याचा रेटा जास्त. म्हणून धरणाची भिंत वर अरुंद आणि खाली फार रुंद बांधतात.

भिंत नुसती माती टाकून होत नाही. मधोमध चिकणमातीचा गाभा असतो. तो पाणी अडवतो. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाची भर घालतात. ती गाभ्याला आधार देते. थर टाकायचा, पाणी मारायचे, दाबून घट्ट करायचे, मग दुसरा थर. पाण्याच्या बाजूला दगड बसवतात. लाटांनी माती धुऊन जाऊ नये म्हणून.

मातीच्या भिंतीवरून पाणी कधीही वाहू द्यायचे नसते. तसे झाले तर ती धुपून फुटते. म्हणून जास्तीचे पाणी सोडायला दगडी किंवा काँक्रीटचा पक्का सांडवा बांधतात. त्याला लोखंडी दरवाजे असतात. येलदरीला असे दहा दरवाजे आहेत.

हे आम्ही सांगत होतो, तेवढ्यात आमच्यातल्या दोघांनी चूल मांडायला भिंतीचे दगड उचलून आणले. आम्ही म्हटले, "बाबांनो, हे दगड जिथले तिथे ठेवून या. तुमच्या घराच्या भिंतीची वीट कोणी काढली तर चालेल का?" दोघे ओशाळले. दगड परत गेले. चूल शिवाराकडेच्या मोकळ्या जागेत मांडली. धरणाच्या भिंतीवर झाड लावू नये, खणू नये, दगड हलवू नये. झाडाच्या मुळांच्या वाटेने पाणी झिरपते आणि भिंत आतून पोकळ होते.

शून्य टक्के म्हणजे कोरडे नव्हे

तुम्ही आता वर्तमानपत्र वाचू लागला आहात. त्यात उन्हाळ्यात अशी बातमी येते : "धरणात इतके टक्के साठा." कधी कधी येते : "साठा शून्य टक्के." वाचणाऱ्याला वाटते, धरण कोरडे पडले. तसे नसते.

धरणाचे पाणी 'दलघमी'मध्ये मोजतात. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर. पंधरा लिटरची घागर धरली, तर साडेसहा कोटींहून जास्त घागरी!

येलदरी पूर्ण भरले तर त्यात सुमारे ९३४ दलघमी पाणी मावते. सिद्धेश्वरात सुमारे २५१ दलघमी. पण सगळे पाणी कालव्यात जात नाही. माठाला तोटी बसवलेली असते. पाणी तोटीच्या खाली गेले, की तोटीतून येत नाही. माठात मात्र तळाशी पाणी असते. तसेच धरणाचे. तोटीच्या वरच्या पाण्याला 'उपयुक्त साठा' म्हणतात. तोटीच्या खालच्या पाण्याला 'मृत साठा' म्हणतात. नदीचा गाळही तळाशी याच जागेत बसतो.

सिद्धेश्वरची तोटी बरीच उंच आहे. तिथे उपयुक्त साठा सुमारे ८१ दलघमी आहे. बाकीचा सुमारे १७० दलघमी मृत साठा आहे. तेव्हा वर्तमानपत्रात 'सिद्धेश्वर शून्य टक्के' असे छापून आले, तरी तळ्यात भरपूर खोल पाणी असते. गाळ वजा केला तरी माणूस सहज बुडेल इतके. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आबांनी सांगितलेली गोष्ट

जेवणाची पंगत बसली. आमच्या वर्गात एक आबा आहेत. सत्तरीच्या पुढचे. ते काही पाण्याजवळ येईनात. लांब बाभळीखाली बसून राहिले. कोणीतरी हाक मारली, "आबा, या की! पाणी बघा."

आबा म्हणाले, "बघितलंय. तुमच्या आधी बघितलंय."

मग त्यांनी हात लांब केला आणि पाण्याकडे बोट दाखवले. "तिथं आमचं शेत होतं. काळीभोर जमीन. चिंच होती बांधाला. मी लहान होतो. पाणी आलं तेव्हा बापानं बैल सोडले आन् आम्हाला घेऊन निघाला. मागं वळून बघितलं न्हाई."

सगळे गप्प झाले. मघाशी ज्याला पोहायचे होते, तो गडीही गप्प झाला.

आबा थोड्या वेळाने म्हणाले, "विहीर होती आमची. बांधलेली. ती तशीच हाय पाण्यात. कुणी बुजवली न्हाई. उन्हाळ्यात पाणी हटलं म्हंजी तिच्यावर गुडघाभर पाणी राहतं. दिसत न्हाई."

मंडळी, प्रत्येक मोठ्या धरणाच्या पाण्याखाली कोणाची तरी जमीन आहे. कोणाचे घर, कोणाची विहीर, कोणाचा आंबा आहे. आज धरणग्रस्तांसाठी कायदा आहे. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा असा कायदा पहिल्यांदा १९७६ साली झाला. येलदरी आणि सिद्धेश्वर त्याच्या आठ वर्षे आधी, १९६८ सालीच पुरी झाली होती. म्हणजे पाणी आधी आले आणि कायदा नंतर. ज्यांची जमीन गेली त्यांनी फार सोसले. त्यांच्या सोसण्यातून खालच्या गावांची शेते हिरवी झाली.

म्हणून धरणावर मौजेला जावे, जरूर जावे. पण कोणाच्या अंगणात आपण उभे आहोत, याची जाण ठेवावी.

धरणावर काय पाहावे, काय करावे?

धरण कामासाठी बांधले. पण त्याचे पाणी डोळ्यांना आणि मनालाही सुख देते. त्यासाठी पैसा लागत नाही.

पावसाळ्याच्या शेवटी धरण भरले, की दरवाजे उघडतात. पांढरेशुभ्र पाणी गर्जना करीत खाली कोसळते. ते पाहायला गावेच्या गावे लोटतात. कठड्याच्या आत राहून ते पाहावे. दरवाजांच्या खाली नदीपात्रात कधीही उतरू नये.

हिवाळ्यात पक्षी पाहावेत. बगळे, पाणकावळे, खंड्या, टिटवी तर आपल्या रोजच्या ओळखीची. पण हिवाळ्यात पाहुणेही येतात. विटकरी रंगाचा चक्रवाक येतो. तो बहुधा जोडीने दिसतो. मराठवाड्यातल्या मोठ्या तळ्यांवर पट्टकादंब नावाचे हंसही उतरतात. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. हे पक्षी हिमालय ओलांडून येतात. ना वाटाड्या, ना नकाशा! आपल्या तळ्यावर चार महिने राहतात आणि उन्हाळा लागला की परत जातात.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा नदीवर ईसापूरचे धरण आहे. ते १९८२ साली पुरे झाले. त्याचे पाणी यवतमाळ जिल्ह्यात आणि आपल्या कळमनुरीच्या बाजूला पसरले आहे. तिथे इतके पक्षी येतात, की २०१४ साली सरकारने ते पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केले. माणसाने शेतीसाठी तळे केले आणि पाखरांनी त्याला आपले घर मानले.

उन्हाळ्यात पाणी मागे हटते. उघड्या गाळावर लोक गाळपेर करतात. टरबूज, काकडी लावतात. अशाच उघड्या जागेवर आणि तळ्यातल्या बेटांवर नदीसुरय नावाचा पक्षी अंडी घालतो. घरटे नसते. नुसता मातीत खळगा. अंडी मातीच्याच रंगाची. तेव्हा पायाखाली पाहून चालावे. लेकरांना अंडी उचलू देऊ नये.

काहींना गळ टाकून बसायला आवडते. धरणात रोहू, कटला, मृगळ हे मासे असतात. पण तळ्यातली मासेमारी बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. त्यांनी बीज सोडलेले असते. भोई मंडळींचे पोट त्यावर आहे. त्यांना विचारून गळ टाकावा. बारीक भोकांचे जाळे टाकून पिल्ले मारू नयेत. पिल्लू आज खाल्ले, तर उद्या मासा कुठून येणार?

इथे पोहायला काय हरकत आहे?

आता तिसरा प्रश्न. त्याचे उत्तर आबांनी अर्धे दिलेच आहे.

"आम्ही नदीत पोहून मोठे झालो. आम्हाला काय भीती?" असे पुष्कळ जण म्हणतात. पण धरणाचे तळे म्हणजे गावची नदी नव्हे. गावच्या नदीचा डोह कुठे आहे, ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. धरणाच्या तळाशी काय आहे, ते कोणाला दिसते?

तिथे जुनी विहीर असते. गुडघाभर पाण्यातून चालताना एक पाऊल पुढे पडते आणि माणूस एकदम खाली जातो. तिथे जुन्या नाल्याचा कडा असतो. तिथे बुडालेल्या बाभळीचे खोड असते, त्यात कपडे अडकतात. काठाला गाळ असतो. वरून तो सुकल्यासारखा दिसतो. त्यात पाय मांडीपर्यंत रुततो. जोर केला तर आणखी रुततो. शिवाय खोल पाणी थंड असते. पोहणाऱ्याच्या पायात गोळे येतात.

धरणाच्या खालच्या बाजूला निराळा धोका असतो. येलदरीच्या खाली नदीपात्र कोरडे दिसते. बायका धुणे धुतात, पोरे खेळतात. वीजघर सुरू झाले किंवा दरवाजे उघडले, की पाणी झपाट्याने चढते. पाणी सोडण्याआधी इशारा देतात. भोंगा ऐकला, की भांडी-कपडे तिथेच टाकून वर यावे. भांडी परत मिळतील.

नावेत बसण्याची हौस सर्वांना असते. पण नावही नियमाने चालते. २१ मे २०२४ रोजी सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांच्या हद्दीवर, उजनी धरणाच्या पाण्यात एक प्रवासी नाव वादळी वाऱ्याने उलटली. सहा माणसे गेली. वळवाचे दिवस होते. केरळात थेक्कडी येथेही धरणाचे तळे आहे. लोक तिथे जंगली जनावरे पाहायला नावेतून जातात. ३० सप्टेंबर २००९ रोजी तिथे एक मोठी नाव उलटली. ४५ माणसे मेली. जनावरे दिसली म्हणून माणसे एका बाजूला गेली आणि नाव कलली.

तेव्हा चार गोष्टी पाठ करा.

पहिली : तरंगणारे जाकीट अंगात घातल्याशिवाय नावेत पाऊल ठेवू नका. पोहता येत असले तरीही.

दुसरी : नावेत माणसे जास्त झाली असतील तर उतरा. पुढच्या फेरीला जा.

तिसरी : आभाळ भरून आले, वारा सुटला, तर नाव नको.

चौथी : नावेत उभे राहू नका. सगळे एका बाजूला जाऊ नका.

आणि दारू प्यालेल्या माणसाला पाण्याजवळ जाऊ देऊ नका. तो रागावला तर रागावू द्या. राग दुसऱ्या दिवशी जातो.

कोणी बुडू लागले तर?

आपल्याकडे वरचेवर ऐकू येते, की एक बुडाला, त्याला वाचवायला दुसरा गेला, आणि दोघेही गेले. बुडणारा माणूस जिवाच्या आकांताने मिठी मारतो. पोहणाऱ्यालाही तो खाली ओढतो. म्हणून आंधळेपणाने उडी मारू नका.

आधी मोठ्याने ओरडा. माणसे गोळा करा. काठावरून दोर टाका. दोर नसेल तर साडी टाका, धोतर टाका. लांब काठी पुढे करा. झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा फेका. तो धरून माणूस तरंगतो. काठावर आपण पालथे पडून, पाय कोणाला तरी धरायला सांगून ओढा.

माणूस बाहेर काढला, की पुष्कळ ठिकाणी त्याला उलटा टांगतात, गरगर फिरवतात किंवा पोट दाबतात. हे करू नका. त्यात वेळ जातो आणि जीवही जातो. त्याला सपाट जागेवर उताणे निजवा. श्वास चालतो का पाहा. चालत नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने दोन वेळा श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून ३० वेळा जोराने, भरभर दाबा. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० वेळा दाबणे. मदत येईपर्यंत थांबू नका. एकाने लगेच १०८ नंबर लावून रुग्णवाहिका बोलवावी. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात न्यावेच.

तळे निर्मळ ठेवू या

आपल्यातल्या अनेकांनी हैदराबाद पाहिले असेल. तिथे हुसेन सागर नावाचा मोठा तलाव आहे. तोही माणसाने केलेला. कुतुबशाहीत, सुमारे १५६२ साली तो बांधला. एके काळी शहर त्याचे पाणी पीत असे. आज संध्याकाळी त्याच्या बांधावर जत्रेसारखी गर्दी असते. मधोमध बुद्धाची उंच मूर्ती आहे, नावेत बसून लोक तिथे जातात. मौज आहे. पण ते पाणी आता पिता येत नाही. शहराची गटारे, कारखान्यांची घाण वर्षानुवर्षे त्यात गेली. तलाव राहिला, पाणी गेले.

आपल्या सिद्धेश्वरचे तसे होऊ नये. ते हिंगोलीच्या घराघरांतले पाणी आहे. आपण काठावर टाकलेली पत्रावळ, पिशवी, बाटली त्याच पाण्यात जाते. ती फिरून कोणाच्या तरी घागरीशी येते. कदाचित आपल्याच लेकीच्या. म्हणून जेवणाचा केर आमच्या मंडळींनी पोत्यात भरला आणि टेम्पोतून परत आणला.

आणि शेवटी ती पाटी

निघण्याच्या वेळी एक गोष्ट घडली. काठावर एक पत्र्याची पाटी होती. गंज चढला होता. काही अक्षरे उडाली होती. सकाळी आम्ही सगळे तिच्याजवळूनच गेलो होतो. कोणी पाहिली नव्हती. मावशी तिच्यासमोर थांबल्या. बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागल्या.

"पा... पाण्यात... उ... उत... रू... नये."

मग त्या मागे वळून त्या तरण्या गड्याला म्हणाल्या, "हे बघ रे लेकरा. सकाळीच लिहिलेलं होतं. वाचलं असतं तर विचारायची पाळी नसती."

सगळे हसले. तो गडीही हसला. आबा मात्र पाटीजवळ गेले. उडालेल्या अक्षरांवर त्यांनी हात फिरवला. म्हणाले, "रंग लावाय पाहिजे हिला. लांबून दिसली पाहिजे."

परत आल्यावर वर्गाने एक काम केले. आमच्या गावच्या पाझर तलावावर पाटीच नव्हती. मंडळींनी पत्रा आणला, पांढरा रंग दिला. त्यावर लाल अक्षरे काढली. मावशींनी 'पाणी' लिहिले. आबांनी 'खोल' लिहिले. तरण्या गड्याने खाली तळ्याचे आणि बुडणाऱ्या माणसाचे चित्र काढले. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते कळते.

तुमच्या गावाच्या तलावावर पाटी आहे का? उद्या जाऊन पाहा. असेल तर सर्वांना वाचून दाखवा. नसेल तर लिहा. आता तुम्हाला लिहिता येते.